आत्याची दुपारची झोप

आत्याचा उजवा गुडघा बदलला आणि डॉक्टरांनी कागदावर 'दीड महिना घरच्यांच्या देखरेखीखाली' असं लिहून दिलं. आता घरच्यांच्या म्हणजे कोणाच्या, हा प्रश्न उभा राहिला. आत्याने लग्न केलेलं नाही. पस्तीस वर्षं ती एका मोठ्या इस्पितळात नर्स होती, त्यातली शेवटची अकरा मेट्रन म्हणून. तिच्या देखरेखीखाली राहून गेलेली माणसं हजारोंनी असतील, पण तिच्यावर देखरेख करण्याची छाती असलेला माणूस आमच्या नात्यात एकही नव्हता. माझ्या चुलतभावाने घसा खाकरून खिडकीबाहेर पाहिलं. मग मी हात वर केला. मी भूगोलाचा शिक्षक, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागलेली, आणि आई गेल्यावर सातव्या वर्षापासून मला आत्यानेच वाढवलेलं. मी हात वर केला नसता तर तिने तो धरून वर केला असता.

आमचं घर चौथ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर. एक हॉल, एक स्वयंपाकघर आणि एक खोली. ती खोली आम्ही आत्याला दिली, कारण उंच पलंग तिथेच होता आणि नव्या गुडघ्याला जमिनीवर बसायची, झोपायची बंदी होती. मी आणि बायको हॉलमध्ये गादी टाकून झोपू लागलो. इथपर्यंत सगळं रीतसर होतं.

अडचण अशी की त्या खोलीला खिडकी एकच आणि ती पश्चिमेला. डोक्यावर थेट गच्ची. पश्चिमेची खिडकी आणि तापलेला स्लॅब एकत्र आले की काय होतं, हे मी नववीच्या मुलांना दरवर्षी फळ्यावर बाण काढून शिकवतो. शाळेत बाण काढले की विषय संपतो. घरात तसं होत नाही.

आणि आत्याची झोप दुपारची. आयुष्यभर रात्रपाळ्या करून तिची रात्रीची झोप केव्हाच मोडली होती. रात्री ती नुसती डोळे मिटून पडायची. खरी झोप दुपारी एक ते तीन. ती झाली नाही तर रक्तदाब चढतो, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. बाजूला घेऊन सांगितलेली गोष्ट माणसाला नेहमीच जास्त जड जाते.

पहिल्या दिवशी तीन वाजता मी चहा घेऊन आत गेलो, तर आत्या पलंगावर ताठ पडून छताकडे पाहत होती. कपाळ घामाने चकाकत होतं.

"लागली का झोप?"

"खोली छान आहे," आत्या म्हणाली. "वाफ घ्यायला."

मग उठून तिने स्वतःच स्वतःचा रक्तदाब घेतला, वहीत आकडा लिहिला आणि वही मिटली. मी आकडा बघायला वाकलो होतो, ते वाकणं वाया गेलं.

चौथ्या दिवशी मी पाण्याचा तांब्या भरायला जात असताना दाराआडून तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला. ती चुलतभावाशी बोलत होती. त्याचं घर तळमजल्यावर, मागे झाडं, सावलीच सावली. "तुमची ती मागची खोली रिकामी असते ना रे?" एवढंच मी ऐकलं आणि तांब्या तसाच घेऊन परत आलो. ज्या माणसाने हात वरसुद्धा केला नव्हता, त्याच्या मागच्या खोलीची चौकशी चालली होती. मला ताप भरल्यावर रात्ररात्र उशाशी बसलेली ही बाई, आणि तिला दोन तासांची झोप मी देऊ शकत नव्हतो.

एसीचं नाव काढायची सोय नव्हती. ऑपरेशन थिएटरच्या गारठ्यात उभं राहून आत्याचे सांधे असे दुखावले होते की एसीची नुसती जाहिरात पाहिली तरी ती शाल ओढून घ्यायची. तेव्हा एसीशिवाय खोली गार करायची, असं मी ठरवलं. बायको एका लॅबोरेटरीत कामाला आहे, सकाळी आठला निघते. निघताना चप्पल घालता घालता ती म्हणाली, "अहो, पलंगच हॉलमध्ये का नाही आणत? हॉल उत्तरेला आहे."

उपाय इतका सोपा होता की मला तो पटला नाही.

मी गेलो समोरच्या इंजिनियरांकडे. हे निवृत्त आहेत. आयुष्यभर त्यांनी पूल बांधले, त्यामुळे घरगुती कुठलाही प्रश्न त्यांना लहान वाटतो आणि ते त्याला स्वतःहून मोठा करून घेतात. ते थर्मामीटर घेऊन आले, खोलीत सात ठिकाणी लावून पाहिला, कागदावर खोलीचा आराखडा काढला. आत्या पलंगावर बसून हे सगळं बघत होती. वॉर्डात नवीन डॉक्टर आल्यावर ती जशी बघत असेल तशी.

"खिडकी," इंजिनियर म्हणाले. "साठ टक्के उष्णता खिडकीतून येते. खिडकीवर ओली चादर लावा, समोर टेबलफॅन ठेवा. बाष्पीभवन. तुम्हाला मी काय सांगू, सर."

बाष्पीभवन म्हटल्यावर माझी मान आपोआप हलली. हा माझा हक्काचा धडा. मी सगळ्यात मोठी, डबलबेडची चादर बादलीत बुडवली, निथळू न देता पडद्याच्या दांडीवर चढवली, उरलेलं टोक खिडकीबाहेर सोडलं आणि पंखा लावला. वीस मिनिटं खोलीत असा काही गारवा आला की मी स्वतःशीच हसलो. आत्याने डोळे मिटले. मी पाय न वाजवता बाहेर आलो, दार लोटलं, आणि बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या बाई उभ्या होत्या. हातात जलरंगातलं एक चित्र. बाई रागावल्या नव्हत्या, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"सर, हे तळं होतं," त्या म्हणाल्या. "बाल्कनीत वाळत ठेवलं होतं. वरून पाणी आलं."

चित्रातलं तळं चहूबाजूंनी पसरून क्षितिजापर्यंत गेलं होतं.

"पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे. याला आता मी समुद्र म्हणेन, माझी तयारी आहे. पण काठावर ही गाय पाणी पितेय. समुद्राचं."

खाऱ्या पाण्याबद्दल भूगोलाचा माणूस काय बोलणार? मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत धाड असा आवाज झाला. धावत गेलो. भिजलेल्या चादरीच्या वजनाने पडद्याची दांडी भिंतीतला गिलावा घेऊन खाली आली होती आणि चादर आत्याच्या अंगावर पसरली होती. आत्याने ती शांतपणे चेहऱ्यावरून काढली, दोन्ही टोकं जुळवून घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"लागलं नाही ना, आत्या?"

"चादर लागत नाही. पण खोली आता दमट झाली. आधी नुसती भाजत होती, आता शिजतेय."

इंजिनियरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा मापं घेतली. "छत," ते म्हणाले. "साठ टक्के उष्णता छतातून येते."

"आणि खिडकी?"

"तीही साठ."

उपाय असा निघाला की आमच्या खोलीच्या वर जेवढी गच्ची आहे तेवढ्या भागाला पांढरा चुना मारायचा. पांढरा रंग ऊन परतवतो, हे तर पाचवीच्या पुस्तकात आहे. मी चुना आणि कुंचला आणायला निघालो, तर जिन्यात सेक्रेटरी भेटले. सोसायटीचे सेक्रेटरी पूर्वी दस्तनोंदणीच्या कचेरीत होते. माणूस वाईट नाही, पण कागदावर नसलेली गोष्ट त्यांना दिसत नाही. मी त्यांना सहज सांगितलं की गच्चीला चुना मारतोय. ही माझी चूक. 'सहज' हा शब्द त्यांच्याजवळ काढायचाच नसतो.

"गच्ची कोणाची?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांची."

"आणि पांढरी कोण करणार?"

"मी."

"म्हणजे सगळ्यांच्या गच्चीवर एकाचा रंग. अर्ज करा, सर. ऑफिस बारा ते तीन."

मी अर्ज केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'आत्याला झोप येत नाही.' सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की झोप न येणं हे बांधकामविषयक कारण होत नाही, 'छताची देखभाल' असं लिहा. तसं लिहून दुसऱ्या दिवशी नेलं. तर म्हणे, देखभाल असेल तर ती कमिटीने करायची, सभासदाने नाही. तिसऱ्या दिवशी असं ठरलं की सभासदाने कमिटीच्या वतीने केली तर चालेल, पण छताला धोका नाही असा तज्ज्ञाचा दाखला हवा. तज्ज्ञ समोरच राहत होते. इंजिनियरांनी आनंदाने चार पानी दाखला लिहिला. तो सेक्रेटरींनी अक्षर न् अक्षर वाचला.

"सर, यात मालगाडीचं वजन धरलंय."

"सवयीने लिहिलं असेल."

"गच्चीवर मालगाडी येणार नाही, एवढी एक ओळ त्यांच्या सहीने घेऊन या."

ती ओळही आणली. मग नोटीस लागली. कोणाला हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. मी रोज येता-जाता फळा बघायचो. दहाव्या दिवशी हरकत आली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांचं म्हणणं होतं की गच्ची पांढरी केली तर विमानातून आपलीच इमारत वेगळी दिसेल. मी त्यांना भेटून विचारलं की दिसली तर काय होईल. ते म्हणाले, "ते मला माहीत नाही. पण दिसेल."

या सगळ्यात आत्याची वही भरत होती. ती चिडत नव्हती, कुरकुरत नव्हती, फक्त दिवसेंदिवस कमी बोलू लागली होती. व्यायामाला उठायची तेव्हा वॉकरवर जास्त वेळ रेलून राहायची. एकदा ती न्हाणीघरात असताना मी वही उघडली. वरचा आकडा एकशे बहात्तर होता. मी वही होती तशी ठेवली आणि त्या संध्याकाळी बायकोला म्हणालो, "मी विचार करत होतो, पलंग हॉलमध्ये आणला तर?"

बायको थोर आहे. ती फक्त एवढंच म्हणाली, "आणायच्या आधी दार मोजा."

नकाशाचं प्रमाण शिकवण्यात ज्याची अठरा वर्षं गेली, त्याला दार मोजायला सांगतात. मी अर्थातच मोजलं नाही. पलंग ज्या अर्थी आत आहे त्या अर्थी तो दारातूनच आला असणार, हा माझा युक्तिवाद होता, आणि युक्तिवाद म्हणून तो आजही मला निर्दोष वाटतो.

दुसऱ्या दिवशी बायको कामावर गेल्यावर मी हॉलमधलं कपाट, पुस्तकांचा घोडा आणि जेवणाचं टेबल स्वयंपाकघराच्या दारापर्यंत रेटलं. इंजिनियर बाह्या दुमडून आले. आत्याला म्हटलं, आधी तू बाहेर येऊन बस. तिने नकार दिला. "मी या खुर्चीवर इथेच बसते. तुम्ही दोघं कसे उचलता ते मला बघायचंय. तुमच्या कंबरा मोडल्या तर निस्तरायच्या मलाच आहेत."

आम्ही पलंग कुशीवर उभा केला आणि दारात घातला. मी बाहेरून ओढत होतो, इंजिनियर आतून लोटत होते. अर्धा येईपर्यंत छान आला. मग डोक्याकडची फळी चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात बसली आणि एक पाय दाराच्या कडीत अडकला. इंजिनियर म्हणाले, जरा मागे घेऊ. मागे येईना. म्हणाले, मग पुढे. पुढेही जाईना. ते बाहेरून बघावं म्हणून फटीतून पोटावर सरपटत कसेबसे माझ्या बाजूला आले, आणि त्यांच्या सरपटण्याने पलंग आणखी चार बोटं घट्ट बसला. आता ती फटही राहिली नाही. घड्याळात पाऊण वाजला होता, ऊन खिडकीकडे वळू लागलं होतं, आत्या आत होती आणि आम्ही दोघं बाहेर.

"हे शक्य नाही," इंजिनियर पलंगाकडे बघत म्हणाले.

आपल्याकडे कोणी आजारी असेल तर शेजारी फोन करून येतात, पण पलंग दारात अडकला की न सांगता जमतात. चित्रकलेच्या बाई आल्या, दुसऱ्या मजल्यावरचे विमानवाले गृहस्थ आले, आणखी तीन-चार जण आले. कोणी म्हणालं तेल लावा, कोणी म्हणालं साबण. एकाने चौकट उखडायची सूचना केली, त्यावर दुसऱ्याने भिंतच का नको असं विचारलं. मी फटीला तोंड लावून दर मिनिटाला "आत्या, ठीक आहेस ना?" असं विचारत होतो आणि ती दर मिनिटाला "मगाशी सांगितलं तेच," असं उत्तर देत होती. पण तिचा आवाज बारीक होत चालला होता. ते फक्त मला कळत होतं.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. काखेत वही होती.

"सर, सामान हलवण्याची आगाऊ सूचना दिली होती का?"

"घरातल्या घरात?"

"नियमात घरातल्या घरात की बाहेर, असं वेगळं लिहिलेलं नाही. म्हणून विचारतो."

मी काही बोलणार इतक्यात आतून आवाज आला. बारीक होता, पण त्याला धार होती. "कोण बोलतंय ते?"

"सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, आत्या."

"त्यांना म्हणावं, लिहून घ्या. आत एक बाई आहे. वय एकाहत्तर. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला सव्वीस दिवस झाले. खोलीचं तापमान एकोणचाळीस, तुमच्या इंजिनियरांचा थर्मामीटर इथेच राहिलाय. हे आधी लिहा, मग बाकीचं विचारा."

सेक्रेटरींनी खरंच लिहून घेतलं. लिहिलेलं एकदा वाचलं. मग वही माझ्या हातात दिली, चष्मा खिशात घातला आणि जिना उतरले. थोड्या वेळाने खाली त्यांच्या स्कूटरचा आवाज आला. भर उन्हात ते स्वतः सुताराला आणायला गेले होते. त्यांच्याविषयी गेल्या तीन आठवड्यांत माझ्या मनात जे जे येऊन गेलं होतं, ते मी त्या वहीवर हात ठेवून मनातल्या मनात मागे घेतलं.

मी दाराशी जमिनीवर बसलो. पेला फटीतून जाईना, म्हणून पाण्याची बारीक बाटली आणि ओला रुमाल आत सरकवला. आत्याने खुर्ची पलंगाजवळ ओढून घेतली असावी, कारण तिचा श्वास अगदी जवळ ऐकू येत होता.

"चुकलं माझं, आत्या," मी म्हणालो. "तुला तिकडेच पाठवायला हवं होतं. त्यांच्या मागच्या खोलीत."

"ऐकलंस होय."

"घर एवढंसं आहे. ऐकू येतं."

"माझंही चुकलं," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी तुला सरळ सांगायला हवं होतं की इथे मला सोसत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून थट्टा करत बसले. पेशंटने लपवलं की पुढच्याचा नुसता गोंधळ होतो. जन्मभर लोकांना हेच सांगत आले."

मी रुमालाचं बाहेर राहिलेलं टोक आत ढकललं.

"तू पाणी प्यायलास का?" आत्याने विचारलं.

"पितो नंतर."

"नंतर नाही. आत्ता. मला आवाज ऐकू आला पाहिजे."

म्हणून दहा-बारा माणसांच्या देखत मी गटागट आवाज करत पाणी प्यायलो.

सुतार आला. त्याने पलंगाकडे एकदा पाहिलं आणि ओळखीचं माणूस भेटावं तसा त्याचा चेहरा उजळला. "हा माझाच. खोलीतच बसून केला होता ना. तेव्हाच सांगितलं होतं की हा आता इथून हलायचा नाही."

"कोणाला सांगितलं होतं?"

"तुम्हालाच. तुम्ही पेपर तपासत होता. हो म्हणालात."

जमलेल्यांपैकी कोणीही हसलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. इंजिनियर आणि सुतार यांच्यात फळी आधी कापायची की पाय, यावर चर्चा सुरू झाली. ती आतून संपवली गेली. "पाय आधी. कडीतला," आत्या म्हणाली. "मग दुसरा. फळीला हात लावायचा नाही, ती आपोआप सुटेल." ती आपोआप सुटली. मेट्रन म्हणून तिने पूर्वी काय काय कापताना पाहिलं असेल, याचा मी विचार केला नाही.

दोन वाजता आत्या चौकटीला धरून बाहेर आली. चेहरा पांढराफटक पडला होता आणि केस कपाळाला चिकटले होते. "मला जरा टेकायचंय," ती म्हणाली. मी वळून पाहिलं तर हॉलमध्ये टेकायला इंचभर जागा नव्हती. कपाट, घोडा, टेबल, माणसं, आणि मधोमध दोन पायांचा पलंग, गुडघे टेकून बसल्यासारखा.

"ऑफिसात चला," सेक्रेटरी म्हणाले. "बाक आहे. उंच आहे."

लिफ्टने तिला खाली नेलं. सोसायटीचं ऑफिस जिन्याखालच्या खोलीत, मागच्या भिंतीपलीकडे पाण्याची टाकी, खाली जुनी दगडी फरशी, ऊन म्हणून कधी शिरत नाही. दारातून आत पाऊल टाकलं तर अंगाला गारवा लागला. या खोलीत मी नाही म्हटलं तरी सहा वेळा येऊन भांडून गेलो होतो आणि सहाही वेळा घाम पुसत बाहेर पडलो होतो. आत्या कमिटीच्या लांब बाकावर बसली, भिंतीला पाठ लावली, "पाचच मिनिटं," म्हणाली आणि हळूच आडवी झाली. मी उशाला शालीची घडी सरकवली तेव्हा ती झोपलेली होती.

ती साडेचारला उठली. तीनला ऑफिस बंद करायचं असतं आणि सेक्रेटरी अजून जेवले नव्हते. पण ते टेबलामागे ताठ बसून राहिले. समोर कागदांचा गठ्ठा होता, पण पान उलटलं की आवाज होतो म्हणून त्यांनी अडीच तास एकच पान वाचलं. मी दारात उभा होतो. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. इतकी भांडणं झाल्यावर अचानक प्रेमाने बघणं बरं दिसत नाही.

संध्याकाळी आत्याने वहीत आकडा लिहिला आणि या खेपेला वही माझ्यापुढे धरली. एकशे अडतीस.

दुसऱ्या दिवशी सुताराने पलंगाला पाय स्क्रूने परत बसवले. आता तो हॉलमध्ये असतो आणि कूस बदलली की थोडा डुलतो. रात्रीपुरती सोय झाली, पण हॉल उत्तरेला असला तरी डोक्यावर तोच तापलेला स्लॅब. तेव्हा दुपारी बाराच्या ठोक्याला आत्या उशी काखेत घेऊन, वॉकर धरून लिफ्टशी उभी. मला संकोच वाटत होता. काल अडचण होती, आज काय सांगायचं? तेवढ्यात लिफ्टमधून सेक्रेटरीच बाहेर आले. चेहरा पडलेला.

"रात्री नियमावली वाचली," ते म्हणाले. "सोसायटीच्या कार्यालयाचा वापर झोपण्यासाठी करता येत नाही. स्पष्ट लिहिलंय."

आत्याने उशी तेवढी दुसऱ्या काखेत घेतली.

"पण," सेक्रेटरी लिफ्टच्या जाळीकडे बघत पुढे म्हणाले, "एकला मला जेवायला जायचं असतं. जबाबदार माणूस बसवल्याशिवाय कार्यालय उघडं ठेवता येत नाही, हेही लिहिलंय."

तासाभरात ऑफिसच्या दारावर टाइप केलेला कागद लागला. मानद आरोग्य सल्लागार, वेळ एक ते तीन, या वेळेत कृपया शांतता राखावी व दार वाजवू नये. सल्लागाराचं दार वाजवायचं नाही तर सल्ला कसा घ्यायचा, हे कोणीही विचारलं नाही. तीन वाजता उठून आत्या पाव तास खुर्चीवर बसायची आणि जो येईल त्याचा रक्तदाब घ्यायची. विमानवाले गृहस्थ पहिल्या दिवशी गंमत म्हणून आले. त्यांचा आकडा बघून आत्याने त्यांना त्याच पावली डॉक्टरकडे पाठवलं. वेळेवर गेलात, असं डॉक्टर त्यांना म्हणाले म्हणे. आठवड्याने त्यांनी गच्चीबद्दलची हरकत बिनशर्त आणि लेखी मागे घेतली. चित्रकलेच्या बाईंनी समुद्रावरची गाय रंगाखाली घालवून तिथे होडी काढली आणि ते चित्र प्रदर्शनात सगळ्यात आधी विकलं गेलं. चुलतभावाचा फोन आला, मागची खोली झाडून ठेवली आहे म्हणून. आत्या त्याला म्हणाली, "आता नाही जमायचं रे. मला इथे काम आहे."

हरकत मागे घेतल्यामुळे गच्चीच्या चुन्याला रीतसर परवानगी मिळाली. मला आता ती नको होती. पण मंजूर झालेला अर्ज मागे घ्यायचा तर त्यालाही अर्ज लागतो. तो लिहून मी तीनला ऑफिसात गेलो. सेक्रेटरी जेवून आले नव्हते. आत्या उठून केस नीट करत होती. माझ्या हातातला कागद तिने घेतला, न वाचता टेबलावर ठेवला आणि माझं मनगट धरलं. डोळे घड्याळावर.

"किती दिवस झोपला नाहीस?"

"झोपतो की."

"हॉलमध्ये माझ्यापासून चार हातांवर तुम्ही दोघं असता. बायको तुझी झोपते. तू दर तासाला उठून माझा श्वास चालू आहे का ते बघतोस. मला कळत नाही असं वाटतं तुला?"

मला तसं वाटत होतं.

"आडवा हो."

"इथे? आत्या, लोक येतील."

"मी विचारलेलं नाही."

बेचाळीस वर्षांचा, वर्गशिक्षक, परीक्षा विभागाचा सहप्रमुख, असा मी कमिटीच्या बाकावर आडवा झालो. बाक टणक होता आणि पाठीला गार लागत होता. पाचच मिनिटं पडू, ती समोरून हलली की उठू, असं मी ठरवलं. कपाळावर तिचा हात आला होता, एवढं आठवतं.

जाग आली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. ऑफिसात कोणीच नव्हतं. वॉकरही नव्हता, म्हणजे आत्या एकटीच लिफ्टने वर गेली होती. टेबलावर बशीने झाकलेला पाण्याचा पेला होता आणि त्याला टेकून एक कागद उभा केलेला. आत्याचं इस्पितळातलं उभट अक्षर, खाली सही आणि वेळ. 'पेशंट झोपला आहे. उठवू नये. जागा झाल्यावर पाणी द्यावे.' त्याखाली सेक्रेटरींनी 'नोंद घेतली' असं लिहून सही केली होती. त्याखाली चित्रकलेच्या बाईंची सही होती, इंजिनियरांची होती, विमानवाल्या गृहस्थांची होती. माणसं रक्तदाब दाखवायला येत होती, वाचत होती, सही करून पाय न वाजवता परत जात होती. शेवटची सही बायकोची. ती कामावरून येताना डोकावून गेली असणार.

मी पाणी प्यायलो. मग खिशातलं पेन काढलं आणि सगळ्यांच्या खाली मीही सही केली.